दिवाळीचा सेल आणि आखाजीचा हिशेब

(दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात अमळनेर इथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

आयोजकांनी विषय दिलाय तो असा: सणासुदीच्या सेलमध्ये खरेदी करणं आणि आपल्याला जे मिळालंय त्याबद्दल कृतज्ञ असणं, या दोन गोष्टी एका घरात नांदतात का? विषय कळल्यावर एका मित्रानं मला सावध केलं. म्हणाला, 'नांदत नाहीत म्हणालास तर पुढच्या रांगेतले कापडवाले उठतील, नांदतात म्हणालास तर मागच्या रांगेतले मास्तर उठतील.' दोन्ही रांगा अजून भरलेल्या दिसताहेत, तोवर बोलून घेतो.

या प्रश्नाला दोन तयार उत्तरं आहेत आणि दोन्ही मला नकोत. एक म्हणतं, खरेदी म्हणजे हाव. हाव आली की समाधान गेलं. सबब सेलकडे फिरकू नका. दुसरं म्हणतं, सेलमुळे बाजार हलतो, चार पोरांना काम मिळतं; सबब खुशाल जा. पहिलं उत्तर बहुधा तो देतो ज्याच्या घरात सगळं येऊन पडलंय. दुसरं तो देतो ज्याचा माल गोदामात पडलाय.

आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. तो महिना पत्र्याच्या खोलीत काढलेली बाई दिवाळीच्या सेलमध्ये पहिला फ्रीज घेते, कारण तेव्हा तो दोन-तीन हजारांनी उतरतो. भिशीचे पैसे साठवून, चार दुकानांत भाव विचारून घेते. घरी आणला की आधी त्याला हळदकुंकू लावते, मग प्लग लावते. तिला मी कृतज्ञतेचे पाठ देणार? ज्याच्या घरी दोन दारांचा फ्रीज आहे त्यानं तिला 'आहे त्यात समाधान मान' सांगणं याला मी तरी निव्वळ आगाऊपणा म्हणतो. तेव्हा सेलमध्ये पाऊल टाकलं की कृतज्ञता संपली, हे माझ्या हिशेबी पहिल्या फेरीतच बाद.

आता हा प्रश्न आला कुठून? या रूपात तो अमेरिकेतून आला. तिथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतो, आभार मानण्याचा सण. घरची माणसं लांबून येतात, एका टेबलाशी बसतात, टर्की खातात, वर्षभरात जे मिळालं त्याबद्दल देवाचे आणि एकमेकांचे आभार मानतात. मुळात सुगीचा सण. १८६३ साली, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अब्राहम लिंकननं तो देशभर पाळायचा जाहीरनामा काढला. आणि या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, वर्षातला सगळ्यात मोठा सेल. काल म्हणालात 'सगळं भरून पावलं', आज पहाटे चारला टीव्हीसाठी रांगेत उभे. त्यामुळे तिथल्या लोकांना दर वर्षी हा प्रश्न पडतो, आणि पडायलाच हवा.

पण बाजार या सणात काल-परवा घुसला असं समजू नका. १९३९ साली नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ३० तारखेला येत होता. थँक्सगिव्हिंग झाल्याशिवाय नाताळची खरेदी सुरू होत नसे. म्हणजे दुकानदारांच्या हाती दिवस कमी. त्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टकडे धरणं धरलं आणि रूझवेल्टनं सणच आठवडाभर अलीकडे ओढला. देशात दोन तट पडले. साधारण निम्म्या राज्यांनी नवी तारीख पाळली, निम्म्यांनी जुनी. टेक्सास आणि कोलोरॅडोनं दोन्ही दिवस सण केला. अशी तोड आपल्याकडच्या पंचांगवाल्यांना सुचली नाही अजून. शेवटी १९४१ मध्ये कायदा करून चौथा गुरुवार पक्का झाला. तर सण आणि गल्ला यांची सोयरीक तिथे जुनीच आहे. आपल्याकडे धनत्रयोदशीला जळगावच्या सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते, तिथे आपण कुणाला हसायचं?

माझं लक्ष गेलं ते वेगळ्या गोष्टीकडे. २०११च्या सुमारास तिथल्या काही मोठ्या दुकानांना शुक्रवारची पहाटही लांब वाटू लागली. त्यांनी गुरुवारी रात्रीच दारं उघडायला सुरुवात केली. आभाराच्या पंगतीतून उठलं कोण? गिऱ्हाईक जेवून, ढेकर देऊन, कोट चढवून निघालं. उठला तो काउंटरवरचा पोरगा, गोदामातली बाई, गल्ल्यावरचा माणूस. त्यांना जेवणाच्या वेळेलाच कामावर हजर राहावं लागलं. त्याआधी, २००८ साली, न्यूयॉर्कजवळच्या एका दुकानात शुक्रवारी पहाटे गर्दीनं दरवाजा मोडला आणि दाराशी उभा केलेला हंगामी कामगार पायांखाली चिरडून मेला. आदल्या रात्री त्या गर्दीतल्या कित्येकांनी आभार मानले असतील, आणि अगदी मनापासून मानले असतील. कुणाच्या मनाबद्दल माझी शंका नाही. पण कुणाचे मानले?

इथून पुढे मी आपल्या गावाकडे वळतो, कारण हा 'कुणाचे' आपल्या सणांमध्ये फार स्पष्ट असतो.

पोळा घ्या. पोळा हा कृतज्ञतेचा सण, याबद्दल वाद नाही. आणि पोळा हा खरेदीचाही सण. पोळ्याच्या आधीचा आठवडी बाजार आठवा. नवे कासरे, नव्या वेसणी, माथ्यावरचे गोंडे, घुंगरमाळा, शिंगांना लावायचे रंग, बेगड, झुली. दोरखंडवाल्याच्या दुकानासमोर शेतकरी कासरा घेतो, दोन्ही मुठींत पकडून झटका देऊन बघतो, पीळ उलगडून बघतो, नाकाशी नेऊन वाससुद्धा घेतो. मग वेसण. वेसण तो स्वतःच्या गालावर घासून पाहतो. खरखरीत असली तर बैलाचं नाक सोलवटेल म्हणून बाजूला टाकतो आणि दहा रुपये जास्त देऊन मऊ घेतो. भावासाठी घासाघीस करतो, ती गोंड्यांवर. वेसणीवर नाही. आणि हे सगळं चाललेलं असतं तेव्हा त्याच्या अंगातला सदरा कोपरावर विरलेला असतो.

ही खरेदी आणि ही कृतज्ञता तुम्ही वेगळी काढून दाखवा. निघणार नाही. बैलाला नुसतं 'तुझे उपकार' म्हणून काय कळणार? त्याला मऊ वेसण कळते, आदल्या संध्याकाळी तूप-हळदीनं मळलेला खांदा कळतो, त्या दिवशी मानेवर जू नाही हे कळतं. ज्याचं देणं आहे त्याच्या कातडीला लागेल असं काहीतरी दिलं जातं.

पण पोळ्याचं कौतुक करताना एक खडा निवडायचा राहतो. त्या दिवशी बैलाला सुट्टी. बैलाला नदीवर नेऊन घासून आंघोळ घालणाऱ्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, नाही. त्याला नवे कपडे द्यायचे, पुरणपोळीचं जेवण द्यायचं ही रीत आहे, आणि पुष्कळ घरं ती पाळतात. तरी दिवस त्याचा कामाचाच.

आता सालदाराचा विषय निघालाच आहे तर आखाजीकडे, म्हणजे अक्षय्य तृतीयेकडे, येतो. बाहेरच्या लोकांना अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा मुहूर्त. आपल्याकडे आखाजी म्हणजे काय हे इथल्या सासुरवाशिणींना विचारा. दिवाळीला एक वेळ माहेरी नाही गेली तरी चालेल, आखाजीला मूळ, म्हणजे न्यायला माहेरचं माणूस, यायलाच पाहिजे. झाडाला झोके बांधलेले, खापरावरची पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या. पुरुष मंडळींचा पत्त्यांचा डाव, एरवी जो पाहून घरची भडकली असती तो, त्या दिवशी माफ. आणि घरात घागर. कुंभाराकडून नवी घागर आणायची, पाणी भरायचं, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, गेलेल्या माणसांच्या नावानं पूजा करायची, विस्तवावर घास टाकायचा. बापाचं नाव घ्यायचं, आजाचं घ्यायचं. ज्यांनी ही जमीन फोडली, विहीर खणली, त्यांना वैशाखाच्या उन्हात पाणी.

त्याच आखाजीला सालदाराचं साल संपतं आणि नवं ठरतं. वर्षभर राबलेल्या माणसाचा हिशेब त्या दिवशी होतो. काय ठरलं होतं, उचल किती गेली, देणं किती राहिलं. ओट्यावर हिशेब, घरात घागर. मला हे फार महत्त्वाचं वाटतं की हे दोन्ही एकाच दिवशी आहे. गेलेल्यांचं ऋण पाण्यानं फेडायचं आणि जिवंत माणसाचं रोकड्यानं. आत घागर भरली आणि बाहेर सालदाराचे पैसे बुडवले, तर गाव त्या घागरीला काय म्हणेल, ते तुम्हाला माहीत आहे.

हा हिशेब नेहमी सरळ होत होता असं मी म्हणत नाही. उचलीच्या जोरावर पिढ्यानपिढ्या अडकवलेले सालदार आपल्या सातपुड्याच्या पायथ्यानं भरपूर पाहिलेत. पण हिशेबाचा दिवस ठरलेला होता, आणि तो सणाचा होता. माझं म्हणणं एवढंच आहे की कृतज्ञता मनातली मऊ भावना असेल, असू द्या. पण आपल्या भागात तिला नेहमी वही लागत आली. कुणाचं किती देणं, ते फिटलं की नाही. सेलला हाच प्रश्न लावून बघू. सेलमध्ये घ्यावं की घेऊ नये हा प्रश्न बाजूला ठेवा. त्या खरेदीत कुणाचं देणं बुडतंय, हे बघा.

त्यासाठी टी-शर्टचा हिशेब करू. कापसाच्या मुलखात बसलो आहोत, दुसरं उदाहरण कशाला?

सेलमध्ये एक टी-शर्ट आहे. ९९९ वर काट, खाली २९९. सातशे रुपये वाचले. कुणी सोडले हे सातशे? बहुतेक वेळा कुणीच नाही. तो शर्ट ९९९ला विकायचा असा कुणाचा विचारच नव्हता. तो आकडा काट मारण्यासाठीच छापलेला असतो. आता आत बघा. साधा टी-शर्ट भरतो दीडशे ग्रॅमच्या आसपास. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण चौतीस-पस्तीस किलो, बाकी सरकी. सूतगिरणीत थोडी आणखी घट. म्हणजे एका शर्टाला कापूस लागला अंदाजे अर्धा किलो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ८,११० रुपये क्विंटल, किलोला ८१. अर्ध्या किलोचे झाले चाळीस. शर्ट ९९९ला गेला तरी शेतकऱ्याचे चाळीस, २९९ला गेला तरी चाळीस. त्या चाळिसात बियाणं, खत, फवारणी, आणि वाकून वाकून बोंडं वेचणाऱ्या बाईची मजुरी.

चाळीस हेसुद्धा हमीभाव मिळाला तर. आणि इथेच आपल्याकडच्या सेलची खरी गंमत आहे, गंमत म्हणायची तर. आपल्याकडे गणेश चतुर्थीला कापूस खरेदीचा मुहूर्त होतो. धरणगावकडे, बोदवडकडे काट्याची पूजा, नारळ, पहिल्या शेतकऱ्याला टोपी-उपरणं. मुहूर्ताचा भाव चढा निघतो, पेपरात फोटो येतो. तो भाव पुढे किती दिवस टिकतो ते मी या सभागृहात सांगायला नको. पुढे दसरा येतो, दिवाळी येते. पहिली वेचणी घरात पडलेली असते, पण पाऊस लांबला की कापसात ओल. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, त्यावर बारा टक्क्यांपर्यंत कपात करून घेते, बाराच्या वर घेतच नाही. २०२५-२६ च्या हंगामात तर आधी ॲपवर नोंदणी करावी लागली. केंद्रं सुरू व्हायला वेळ. आणि दिवाळी काही थांबत नाही. पोरांना कपडे हवेत, लेक माहेरी येणार, जावयाची दिवाळी असेल तर विचारूच नका. मग दारात खेडा खरेदीवाल्याचा टेम्पो उभा राहतो. रोख पैसे, जागेवर माप. भाव? 'ओला आहे हो भाऊ, याला काय भाव देऊ?' आणि हमीभावाच्या हजार-दीड हजार खाली पांढरं सोनं टेम्पोत चढतं.

दिवाळीचा खरा सेल हा आहे. सवलत देणारा शेतकरी आहे. त्यानं कुठे बॅनर लावला नाही, 'मोजकेच दिवस' असं छापलं नाही, पण मोजकेच दिवस त्याच्या उरावर बसलेले आहेत. तो कापूस विकून आलेल्या पैशांतून शहरात जाऊन ९९९चा शर्ट २९९ला घेतो आणि घरी येऊन सांगतो, सातशे वाचले. शेजारी विचारतो, 'कितलाले लिन्हा?', केवढ्याला घेतला? आणि दोघं खूश.

मी त्याला दोष देत नाही, शर्टवाल्या दुकानदारालाही देत नाही. त्याच्या डोक्यावर ऑनलाइनवाले बसलेत. खेडा खरेदीवाल्यावरसुद्धा मी सगळं खापर फोडत नाही, त्याचं वरचं गणित वेगळं आहे, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क सरकारनं वर्षअखेरपर्यंत काढलं हे त्यानं केलं नाही. मी फक्त वही उघडून दाखवतोय. या साखळीत दोन टोकांना दोन घाया आहेत. एका टोकाला विकणाऱ्याची घाई, दुसऱ्या टोकाला घेणाऱ्याची. विकणाऱ्याची घाई खरी आहे; तिला घरातलं पोर आहे, कॅलेंडर आहे. घेणाऱ्याची बऱ्याच वेळा बनवलेली असते.

'फक्त दोन नग शिल्लक', 'पंधरा मिनिटांत ऑफर संपणार'. हे किती बनवलेलं असतं याची दखल सरकारनं घेतली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३च्या नोव्हेंबरात ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा प्रकारच्या मांडणीवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्या तेरांत पहिलाच प्रकार खोट्या घाईचा. हप्त्यांचंही तेच. 'शून्य टक्के व्याज' हा शब्द आपल्याकडे जळगावच्या गोलाणी मार्केटपासून गावच्या मोबाइलवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. व्याज असतं; कुठे प्रक्रिया शुल्कात असतं, कुठे न दिलेल्या सवलतीत. दुकानदाराला विचारा, 'रोख दिले तर कितीला?' तो खाली आवाजात जो आकडा सांगेल त्यातला फरक म्हणजे ते व्याज.

या घाईचा आणि कृतज्ञतेचा संबंध अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसला. २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लोकांना तीन गटांत वाटलं. एकांना आपण कृतज्ञ होतो असा प्रसंग आठवून लिहायला सांगितला, एकांना आनंदाचा, एकांना साधा रोजचा. मग विचारलं, तीन महिन्यांनी ८५ डॉलर मिळणार आहेत. ते सोडायला आत्ता रोख किती घ्याल? साधा दिवस आठवणारे आणि आनंद आठवणारे साधारण ५५वर तयार झाले. कृतज्ञता आठवणारे ६३च्या खाली उतरेनात. फरक फार मोठा नाही, एका प्रयोगावर देव्हारा बांधू नये. पण त्यातलं एक मला पटतं. आनंदी माणूसही साध्या माणसाइतकाच घायकुतीला आलेला होता. सणाचा आनंद घाई कमी करत नाही, म्हणून तर सेल सणात लावतात. ज्याला आपल्याला कुणी काय दिलं ते आठवतं, तो थोडा थांबतो.

थांबण्याबद्दल या गावात बोलायचं म्हणजे पंढरपुरात विठ्ठलाची ओळख करून द्यायची. २९ डिसेंबर १९४५ला याच अमळनेरात वनस्पती तुपाची एक कंपनी उभी राहिली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. पुढे तिची विप्रो झाली. ज्यांनी त्या काळी घेतलेले शेअर विकले नाहीत, त्यांची घरं पुढे कशी कोट्यधीश झाली ते तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. आता त्यांनी ते कृतज्ञतेपोटी ठेवले की कागद ट्रंकेत तळाशी गेले म्हणून राहिले, यात मी शिरत नाही. मधल्या काळात एखाद्या दिवाळीत स्कूटरसाठी ज्यांनी ते विकले, त्यांची नातवंडंही इथे असतील, आणि त्यांच्याकडे बघून कुणी हसू नये. घरात लग्न असेल, दुखणं असेल. थांबायला पोटात दोन घास असावे लागतात. खेडा खरेदीच्या टेम्पोसमोर उभ्या शेतकऱ्याला 'थांब, भाव वाढेल' सांगणं सोपं. तोपर्यंतचा किराणा कोण भरणार?

म्हणून थांबायची जबाबदारी मी ज्याला थांबणं परवडतं त्याच्यावर टाकतो. पगारदारावर, पेन्शनरवर, माझ्यासारख्यावर. आमच्या घरात दिवाळीची खरेदी ठरते तेव्हा आधी देण्यांची यादी होते, आईच्या वेळेपासून. घरकामाला येणाऱ्या ताईंचा बोनस, दूधवाल्याचं बिल, किराण्याची उधारी, शेत बटाईनं करणाऱ्याचा हिशेब. आई म्हणायची, 'दुसऱ्याचे पैसे अंगावर घालून मिरवू नका.' यादी फिटली की मग सेल. बहिणीला साडी घ्या, स्वतःला शर्ट घ्या, टीव्ही घ्या. स्वस्त मिळाला तर आणखी चांगलं, काटकसर आणि कृतज्ञता यांचं कधी भांडण नव्हतं. आणि या क्रमानं गेलं तर एक अनुभव येतो. यादी फेडून झाल्यावर टीव्हीचे पैसे बऱ्याचदा उरतच नाहीत.

व्याख्यान संपल्यावर प्रश्न आले. बहुतेक हमीभावावर होते, ते या विषयात बसत नाहीत म्हणून इथे देत नाही. एका बाईंनी विचारलं, ऑनलाइन मागवलं की देणं कुणाचं, तिथे तर माणूसच दिसत नाही? दिसतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाठीवर त्याच्या अंगाहून मोठी पिशवी घेऊन तुमच्या दारात तो उभा असतो, आणि तुम्ही ओटीपी सांगून दार लावता. घाईचं नसेल तर त्या दिवशीची डिलिव्हरी निवडू नका, एवढं तरी आपल्या हातात आहे.

पुढच्या रांगेतले एक कापड दुकानदार मात्र सरळ मुद्द्यावर आले. 'सर, तुमची अमेरिकेतली गोष्ट आमच्याकडेच घडते. लक्ष्मीपूजनाला मी पाचला शटर ओढतो, पोरांना घरी पाठवतो. समोरचा नऊपर्यंत उघडा ठेवतो. माझं गिऱ्हाईक त्याच्याकडे जातं. आता मी काय कृतज्ञ राहू?'

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. एकट्यानं शटर ओढलं की तो चांगुलपणा राहतो आणि चांगुलपणाला बाजारात भाव नसतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि मेन या तीन राज्यांत थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी मोठी दुकानं उघडायला कायद्यानंच बंदी आहे. बाकी देशात दुकानं रात्री उघडत होती तेव्हाही या राज्यांतला काउंटरवरचा पोरगा घरी जेवत होता, आणि तिथला कुणी व्यापारी त्यापायी भिकेला लागला नाही, कारण शेजाऱ्याचंही शटर बंद होतं. आपल्याला कायद्याची वाट बघायची गरज नाही. व्यापारी मंडळी एरवी एकत्र बसून बंद पुकारतातच. लक्ष्मीपूजनाला सगळ्या पेठेनं सहाला शटर ओढायचं, एवढा ठराव करायला एक बैठक पुरे. मी त्या दुकानदारांना विचारलं, तुमच्या पेठेतले किती जण आज इथे आहेत? त्यांनी मागे वळून पाहिलं, आठ-दहा हात वर झाले. समोरच्या दुकानाचे मालकही त्यांच्यात होते. म्हणाले, 'सहा नाही, साडेसात.' त्यावर दोघांची जी घासाघीस सुरू झाली ती आभारप्रदर्शन होईपर्यंत चालू होती, आणि मी खाली उतरलो तेव्हा पावणेसातपर्यंत आली होती.